आबांचं निकेलचं रिव्हॉल्व्हर: पुन्हा मुलामा द्यावा का?

गोठकर

राम राम मंडळी. ग्वाल्हेरहून लिहितोय, राहतो लश्करात. आमच्या आबांच्या नावावर बत्तीस बोअरचं एक छोटं रिव्हॉल्व्हर होतं, त्यांच्याही वडिलांकडून आलेलं. आबा गेल्यावर ते परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केलं आणि वारसाच्या परवान्याची फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. आता परवाना माझ्या नावावर झालाय, हत्यार घरी आलंय. कुठल्या दशेत आलंय ते फोटोंत बघा. इतकी वर्षं चामड्याच्या होल्स्टरमध्येच पडून होतं, कुणी तेलाचा थेंबही लावलेला नाही.

नळीवर स्मिथ अँड वेसन, स्प्रिंगफील्ड, एवढं वाचता येतं. वरची खिट्टी उचलली की मधून मोडतं, पाच घरांचं चक्र आहे. आत्या सांगते की चांदीसारखं लखलखायचं. आता सगळं पिवळट झालंय, मध्येमध्ये दुधाळ डाग आहेत, नळीच्या तोंडाशी मुलाम्याचे पापुद्रे सुटलेत आणि त्याखाली लालसर काहीतरी दिसतं. ते तांबं असावं असा माझा अंदाज. चापाभोवतीचं कडं तर पार काळं पडलंय, घोडाही करडा. त्या दोन्हींवरचा मुलामा पूर्ण उडालाय. मूठ काळी, रबरासारखी, एका बाजूने तपकिरी झालेली.

ओळखीत एक मुलामावाला आहे. मोटरसायकलचे सायलेन्सर आणि देवांच्या प्रभावळी करतो. म्हणाला, सगळं सोलून नव्याने निकेल चढवतो, कडं आणि घोड्यासकट, आरशासारखं करून देतो. खंडेनवमीला पूजेत ठेवायचं मनात आहे. द्यावं का? जाणकारांनी सांगावं.

टवाळ_मुरारकर

द्या की. परत आल्यावर चाप ओढला की फट्‌फट् आवाज येईल फक्त.

जुना_आर्मरर

गोठकर, थांबा. कुणालाही काही देऊ नका. पायदळाच्या पलटणींची हत्यारं दुरुस्त करण्यात माझी नोकरी गेली, तेव्हा जरा ऐका.

सगळ्यात आधी: रिकामं आहे हे तुम्ही स्वतः पाहिलंत का? विक्रेत्याने सांगितलं, कागदावर लिहिलंय, यातलं काही धरायचं नाही. नळी भिंतीकडे किंवा जमिनीकडे, बोट चापापासून लांब, खिट्टी उचलून उघडा आणि पाचही घरांतून उजेड आरपार दिसतो का बघा. खिट्टी गंजून बसली असेल आणि उघडत नसेल तर हातोडी नाही, पक्कड नाही. तसंच उचलून परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि भरलेलं असू शकतं हे त्याला दारातच सांगा.

आता तुमच्या "काळ्या पडलेल्या" कड्याबद्दल. ते काळं पडलेलं नाही, ते काळंच होतं! स्मिथ अँड वेसनच्या जुन्या मधून मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरांमध्ये बाकी सगळं निकेलचं असलं तरी चापाचं कडं निळं-काळं ठेवायची कारखान्याचीच पद्धत होती. खिट्टीही बहुधा तशीच. घोडा आणि चाप यांना वेगळं पाणी द्यायचे, त्यावर निळे-तपकिरी ढगांसारखे रंग यायचे. ते उडाले की करडं पोलाद उरतं. जाणकार माणूस असं रिव्हॉल्व्हर हातात घेतो तेव्हा पहिली नजर कड्यावर टाकतो. कडं निकेलचं दिसलं की समजतो, कुणीतरी नंतर मुलामा चढवलाय. म्हणजे तुमचा मुलामावाला पैसे घेऊन तुमच्या हत्याराचा खरेपणाच पुसून देणार.

बाहेर घोडा असलेलं, पाच घरांचं, बत्तीस बोअर: फोटोवरून ते त्यांचं बत्तीस डबल ॲक्शन वाटतं, म्हणजे चाप ओढला की घोडा आपोआप चढून पडतो ते. १८८० ते १९१९ या काळात बनत होतं. मुठीच्या बुडाचा नंबर, चक्राच्या मागच्या तोंडावरचा नंबर आणि नळीच्या खिट्टीजवळचा नंबर जुळतात का ते बघा. आणि मुठीचे पट्टे काढलेत तर उजव्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला तोच नंबर खरवडलेला किंवा पेन्सिलीने लिहिलेला सापडू शकतो.

निकेलवाली

वडोदऱ्याहून. मकरपुऱ्यात प्लेटिंगच्या कारखान्यात रसायनं बघते. हत्यारांतलं मला काही कळत नाही, निकेलचं कळतं.

नवा मुलामा देताना नेमकं काय होतं ते आधी लक्षात घ्या. जुनं निकेल आम्लात किंवा उलट्या करंटने उतरवतात. मग बफिंग. निकेल कधी खड्डा भरून काढत नाही, खालचा पृष्ठभाग जसा असेल तसाच वर दिसतो. म्हणून गंजाचे खड्डे घालवायचे तर आजूबाजूचं पोलाद त्यांच्या तळापर्यंत घासून खाली आणावं लागतं. त्यात कडा गोल होतात, स्क्रूच्या भोवती बशीसारखा खळगा पडतो आणि कोरलेली अक्षरं पुसट होतात. सायलेन्सरला याने काही फरक पडत नाही. तुमच्या नळीवरचं नाव मात्र गेलं तर गेलं. शिवाय आम्लाच्या टाकीत कडक पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होतं. स्प्रिंगा चुकून टाकीत गेल्या तर नंतर कधीतरी कडकन तुटतील.

आणि निकेल मुळात आरशासारखं गार पांढरं नसतंच. त्यात किंचित उबदार, पिवळसर छटा असते. निळसर झळाळी असते ती क्रोमची. तुमच्या फोटोतला पिवळेपणा थोडा मळाचा आहे आणि बराचसा निकेलचा स्वतःचाच रंग आहे. निकेलचा मुलामा धंद्याला लागला तो बॉस्टनच्या आयझॅक ॲडम्स यांच्या १८६९ च्या पेटंटनंतर. तुमचं रिव्हॉल्व्हर म्हणजे त्या तंत्राच्या पहिल्या काही दशकांतलं काम. ते तसंच राहू द्या असं मी म्हणेन.

गोठकर

कड्याचं वाचून थक्क झालो. काका, रिकामं आहे, पाचही घरं आरपार दिसली. ताई, नळीच्या तोंडाशी लालसर दिसतं ते तांबं नाही का? आणि साफ करायला घरात पितळेच्या समयांचं पातळ पॉलिश आहे, ते चालेल का? आत्या म्हणते चिंच लाव.

निकेलवाली

चिंच नको, लिंबू नको, व्हिनेगर नको! आम्ल तांब्या-पितळेचा काळपटपणा उतरवतं ते ठीक, इथे ते पापुद्र्यांच्या कडेने आत शिरून पोलाद खाईल.

पितळेचं पॉलिश नाकाशी धरून बघा. झोंबणारा वास आला तर त्यात अमोनिया आहे. अमोनिया तांबं विरघळवतो. काही कारखाने निकेलच्या खाली तांब्याचा पातळ थर द्यायचे, आणि नंतर मुलामा देणारे बरेच जण देतात. चिरेतून अमोनिया खाली पोचला की तांबं निघून जातं आणि वरचं निकेल पत्र्यासारखं सुटतं. तुमच्यात तांबं आहे की नाही हे वरून कळत नाही, म्हणून आहे असंच धरून चाला. नळी साफ करायची जी खास द्रावणं मिळतात त्यांतली काही अमोनियावालीच असतात. ती नळीच्या आत वापरली तरी बाहेर ओघळू देऊ नका, आणि त्यात अख्खं हत्यार भिजत तर मुळीच ठेवू नका.

लालसर डागाची परीक्षा सोपी आहे. त्यावर पातळ तेलाचा थेंब टाका, रात्रभर राहू द्या, सकाळी पांढऱ्या चिंधीने टिपा. चिंधीवर तपकिरी भुकटी आली तर गंज. तांबं असेल तर डाग तसाच राहतो आणि पुसल्यावर उलट चमकतो.

जुना_आर्मरर

ताईंचं सगळं बरोबर. आता हाताचं काम सांगतो.

मुठीचे पट्टे आधी काढायचे. पेचकसाचं पातं स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारं हवं, बाजारातलं निमुळतं पातं घसरतं आणि निकेलवर ओरखडा काढतं. नसेल तर पातं कानसीने घासून त्या खाचेच्या मापाचं करा. स्क्रू काढल्यावर पट्टे निघत नसतील तर खाली पेचकस घालून उचकटायचे नाहीत. ती मूठ कडक रबराची आहे, जुनी झाली की टिचते. स्क्रू थोडा आत ठेवून डोक्यावर हलकं टिचकवलं की पलीकडचा पट्टा सुटतो. तपकिरी झाली ती उन्हामुळे, त्यावर उपाय नाही. काळं बूटपॉलिश थापू नका. रॉकेल, थिनर, गरम पाणी, काही लावायचं नाही. ओल्या फडक्याने पुसा आणि बाजूला ठेवा.

बाजूची झाकणपट्टी तुम्ही उघडायची नाही. आतल्या स्प्रिंगा नाजूक असतात आणि ती पट्टी उचकटणाऱ्यांनी किती हत्यारांच्या कडा बिघडवल्यात ते मी पाहिलंय. ते काम परवानाधारक मिस्त्रीचं. तो पट्टी उचकटत नाही, लाकडी मुठीने फ्रेमवर ठोकतो आणि पट्टी आपोआप वर येते. समोर कुणी पेचकस घालायला लागला तर हत्यार उचला आणि घरी या.

बाहेरून: पातळ मशीन तेल भरपूर लावा आणि विसरून जा. घाई करणाऱ्याच्या हातून निकेल जातं. तेल मुरल्यावर दात घासायच्या मऊ ब्रशने खाचाखोचांतला मळ काढा, सुती चिंधीने पुसा, पुन्हा तेल. गंजाच्या पुटकुळ्यांवर तांब्याच्या धातूची कड वापरायची, जुन्या पैशाची चालेल. तांबं निकेलहून आणि पोलादाहून मऊ असतं, गंज निघतो आणि ओरखडा पडत नाही. स्टील वूल, पॉलिश पेपर, ड्रिलला लावलेला बफ यांतलं काहीही घरात असेल तर ते काम होईपर्यंत शेजाऱ्याकडे ठेवा. आणि पापुद्रा सुटलाय तिथे शाबूत मुलाम्याकडून उघड्या पोलादाकडे घासायचं, उलट नाही, नाहीतर चिंधीचा धागा अडकून पापुद्रा आणखी सोलतो.

इंदूरी_पाहुणा

आर्मररकाका, नळीच्या आतलं राहिलं. माझ्या सासऱ्यांच्या जुन्या बंदुकीची नळी बाहेरून ठीक होती आणि आत नुसती चाळण.

जुना_आर्मरर

बरोबर, आणि त्याचं कारण बहुतेकांना ठाऊक नसतं. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार उडाला की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं, ते मिठाच्याच जातीचं, हवेतली ओल ओढून घेतं. तेलात ते विरघळत नाही. म्हणजे माणूस नळीत तेल लावून निश्चिंत झोपतो आणि तेलाखाली नळी सडत राहते. मीठ निघतं पाण्याने. इंग्रजांच्या वेळेपासून थ्री-नॉट-थ्रीच्या नळीत उकळतं पाणी ओतायचा रिवाज होता तो याचसाठी. मग लगेच कोरडं करून तेल.

गोठकरांच्या नळीत कित्येक वर्षांत बार झालेला नसणार, जे व्हायचं ते होऊन गेलंय. मऊ ब्रश, तेल, स्वच्छ चिंध्या आलटूनपालटून, चिंधी बऱ्यापैकी स्वच्छ निघेपर्यंत. खड्डे राहतील, राहू द्या.

पेठेतला_वाचक

मला एक कळत नाही. एवढा खटाटोप करून घरात हत्यार ठेवायचंच कशाला? शंभर वर्षांपूर्वीचं आहे तर ती पुराणवस्तू झाली, परवाना तरी कशाला लागतो? भिंतीवर लावा आणि मोकळे व्हा.

वकील_कंपूवाले

पेठेतले, असं करून कुणी अडचणीत येऊ नये म्हणून लिहितो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये पुराणवस्तू म्हणून जी सूट आहे ती केवळ वयावर मिळत नाही. जे हत्यार आहे तसं किंवा दुरुस्ती करूनही चालवता येणार नाही, त्याला ती सूट आहे. गोठकरांचं हत्यार दुरुस्त होऊन चालू शकतं, मग ते १८९० चं असो की कालचं, परवाना लागणारच.

मुलामावाल्याबद्दल कायद्याची बाजू कुणी मांडली नाही. कलम ५ प्रमाणे हत्यारांची दुरुस्ती किंवा फेरफार हा धंदा म्हणून करायला वेगळा परवाना लागतो. सायलेन्सरवाल्याकडे तो नसतो, आणि त्याच्या दुकानात तुमचं रिव्हॉल्व्हर सोडून तुम्ही घरी आलात तर तुम्ही दोघंही गोत्यात. त्याहून गंभीर कलम ८. हत्यारावरचा नंबर किंवा निर्मात्याची खूण पुसणं गुन्हा आहे, आणि पुसलेल्या नंबरचं हत्यार ज्याच्याकडे सापडेल त्यानेच तो पुसला असं कायदा गृहीत धरतो. नाही पुसला हे तुम्ही सिद्ध करायचं. "बफिंगमध्ये गेला साहेब" हे ठाण्यात सांगून बघा!

अवांतर: २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. घरात बाराबोर वगैरे आधीच असेल तर गोठकरांनी हिशेब तपासावा. आणि ज्यांच्या घरी वडील हयात आहेत त्यांनी मरणाची वाट बघू नये. २०१६ च्या नियमांप्रमाणे परवानाधारकाने वयाची सत्तरी गाठली किंवा हत्यार पंचवीस वर्षं बाळगलं की वारसाच्या नावे अर्ज करता येतो. आमच्या चंबळच्या पट्ट्यात घरटी हत्यारं, आणि निम्म्या घरांत हे कुणाला माहीत नाही.

पेठेतला_वाचक

कलम ४५ चं माहीत नव्हतं, मागे घेतो. कशाला ठेवायचं हा प्रश्न मात्र तसाच आहे.

गोठकर

पेठेतले, तुमच्या घरातला पणजोबांचा अडकित्ता कशाला ठेवलात ते सांगा, मग बोलू. :)

काम केलं. मंडळी, सांगतो.

तेलाचा थेंब टाकलेल्या डागावर चिंधी टेकवली तर तपकिरी भुकटी आली. म्हणजे ताई म्हणाल्या तसा गंजच, तांबं नाही. पापुद्र्याची कड भिंगातून बघितली तर निकेलच्या खाली थेट करडं पोलाद दिसतं.

तांब्याची कड म्हणून ग्वाल्हेर संस्थानाचा पाव आण्याचा पैसा घेतला, आत्याच्या डब्यात बरेच पडलेले असतात. झिजलेला पैसा घ्या, नव्यासारख्या पैशाची कड धारदार असते. गंजाच्या पुटकुळ्या निघाल्या, खाली बारीक खड्डे आहेत. तांब्याचा लालसर माग राहतो तो तेलाच्या चिंधीने निघतो.

उजव्या पट्ट्याच्या आत नंबर सापडला, अणकुचीदार काहीतरी घेऊन खरवडलेला. मुठीच्या बुडाचा, चक्राचा आणि पट्ट्याचा, तिन्ही एकच. आणि काका, चापाच्या कड्याचा जो भाग फ्रेमच्या आडोशाला आहे तिथला मळ निघाला तर गर्द निळी झाक दिसली! फोटो टाकलाय, उजेडात तिरपं धरून काढलाय. आत्याला दाखवलं तर म्हणाली, "हो, कडं काळंच होतं, मी कुठे म्हटलं सगळं चांदीचं होतं म्हणून."

चक्राच्या पुढच्या तोंडावर काळी वर्तुळं आहेत ती हटत नाहीत. आणि दुधाळ डाग तसेच आहेत. आता जरा पॉलिश करू का?

जुना_आर्मरर

तो निळा पट्टा बघून मन प्रसन्न झालं. ते तसंच ठेवा.

काळी वर्तुळं बाराच्या धुराची आहेत. हत्यार चालवलं होतं याची ती नोंद. तेल लावून मऊ ब्रश मारा, जेवढी जातील तेवढी जातील.

निकेलवाली

दुधाळ डाग दोन प्रकारचे असतात. वर बसलेला थर असेल तर निघतो. निकेलच आतून झिजून खरखरीत झालं असेल तर पॉलिश करत राहाल आणि एक दिवस त्याच जागी पोलाद दिसेल. जुना मुलामा केसाहून कितीतरी पातळ असतो, आणि प्रत्येक पॉलिश त्यातला थोडा घेऊन जातं.

करायचंच असेल तर एकदाच, अमोनिया नसलेलं, चांदीसाठीचं मऊ पॉलिश किंवा तेलात कालवलेली धुतलेली खडूची भुकटी. खिट्टीखाली झाकला जातो अशा जागी आधी करून बघा. बोटाने, मशीनने नाही. अक्षरांच्या वरून आडवं घासू नका, आणि त्या निळ्या कड्याला पॉलिश लागताही कामा नये, निळा रंग एका फटक्यात जातो. डाग फिकट झाला नाही तर थांबा.

नंतर पॉलिशचा अंश पूर्ण पुसून वर मेण. ब्रिटिश म्यूझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात धातूंसाठी बनवलेलं सूक्ष्मस्फटिकी मेण आता इथेही मागवता येतं. अगदी पातळ थर, बोटाला लागेल एवढाच.

गोठकर

खिट्टीखाली करून पाहिलं. थोडं उजळलं, डाग गेला नाही. थांबलो. मेण मागवतो.

दोन प्रश्न राहिले. आत्येभाऊ म्हणतो की हल्लीची बत्तीसची काडतुसं यात चालतील, एखादा बार काढून बघू. आणि ठेवायचं कशात?

जुना_आर्मरर

आत्येभावाला म्हणावं, बत्तीस बत्तीसमध्ये फरक असतो. हे रिव्हॉल्व्हर ज्या काडतुसासाठी बनलं ते १८७८ सालचं आखूड बत्तीस, त्याचं कवच सुमारे साडेपंधरा मिलिमीटर. आपल्याकडे मिळतं ते लाँग, त्याचं कवच २३ मिलिमीटरच्या वर. आखूड चक्रात ते नीट बसणारच नाही, आणि कुणी घर कोरून बसवून द्यायला निघाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. हे मधून मोडणारं आहे, बाराचा सगळा जोर त्या खिट्टीवर येतो, आणि तुमची खिट्टी शंभरी ओलांडलेली आहे. मिस्त्रीने तपासून मापं घेईपर्यंत बार नाही. मी तर नंतरही काढणार नाही.

इंदूरी_पाहुणा

ठेवण्याबद्दल: होल्स्टरमध्ये नको एवढं नक्की. चामडं कमावताना वापरलेली आम्लं त्यात राहतात आणि पावसाळ्यात ते ओल धरून ठेवतं. होल्स्टर आठवण म्हणून वेगळं ठेवा. हत्यार सुती कापडात, सिलिका जेलच्या पुड्या घालून, कुलुपाच्या पेटीत. बोटांचा घाम पुसल्याशिवाय आत ठेवायचं नाही. तुमच्या ग्वाल्हेरला उन्हाळा एवढा कोरडा असतो की मे महिन्यात काही होत नाही, जुलैत एकदा उघडून बघाच.

वकील_कंपूवाले

पेटीचं सगळं खरं, पण निवडणूक आली की आचारसंहितेत हत्यार ठाण्यात जमा करायचा हुकूम निघतो आणि ते मालखान्यात पोत्यावर पोतं तसं राहतं. खरा गंज तिथे चढतो. जमा करायच्या आदल्या दिवशी मेणाचा थर, नळीत तेल, कापडात गुंडाळून जाड पिशवीत सिलिका जेलसकट. चारही बाजूंचे आणि नंबरचे फोटो काढून ठेवा. पावतीवर हत्याराची अवस्था लिहून मागा.

गोठकर

पावतीचा छापील नमुना असतो, त्यात नंबर आणि बोअर एवढेच रकाने असतात. अवस्था कुठे लिहायची?

वकील_कंपूवाले

रकाना नसेल तर साधा अर्ज द्या: "अमुक नंबरचं निकेलचं रिव्हॉल्व्हर, चापाचं कडं मूळचं निळं, नळीच्या तोंडाशी मुलामा सुटलेला, बाकी गंज नाही, जमा करत आहे." दोन प्रती करा. एक त्यांना, दुसरीवर ठाण्याचा शिक्का, तारीख आणि सही घेऊन परवान्याच्या पुस्तकाला लावून ठेवा. मुन्शीजी कुरकुर करतील, पण शिक्का मारतात.